समुद्रात तेल शोधतात तरी कसे?

एक रुपयाची नोट जवळ असेल तर तिची मागची बाजू पाहा. १९९४ मध्ये छपाई थांबलेली आणि २०१५ पासून पुन्हा निघू लागलेली ही नोट. तिच्यावर समुद्रात पाय रोवून उभी असलेली एक रिग, म्हणजे तेलविहीर खोदणारी यंत्रणा, दिसते. ती ‘सागर सम्राट’. जपानमध्ये मित्सुबिशी कंपनीने बांधलेल्या या रिगने १९७४ च्या फेब्रुवारीत, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली तेल गाठले. तेच ‘बॉम्बे हाय’, आजचे ‘मुंबई हाय’.

अरबी समुद्र अफाट आहे आणि वरून पाहिले तर सगळीकडे पाणीच. मग विहीर नेमकी तिथेच का खोदली? एक-दीड किलोमीटर खडकाखाली तेल आहे हे खोदण्याआधी कसे कळले? आणि ‘समुद्रात तेल सापडले’ अशा बातम्या अधूनमधून झळकत असताना आपली तेलाची आयात का घटत नाही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समुद्रातल्या अन्वेषण विहिरींच्या, म्हणजे तेल आहे का हे पाहण्यासाठी खोदलेल्या विहिरींच्या कामात सापडतात.

तेल साठते कुठे?

जमिनीखाली तेलाची तळी असतात, असा समज सर्वत्र आहे. तशी तळी कुठेही नसतात. भाजकी वीट पाण्याच्या बादलीत टाकली तर ती बुडबुडे सोडत पाणी पिते. बाहेर काढल्यावर ती वीटच दिसते, पण तिच्या बारीक छिद्रांत पाणी भरलेले असते. खडकातले तेल असेच, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत भरलेले असते.

हे तेल तिथे येण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, जननखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात मेलेले सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचे अवशेष गाळाबरोबर तळाशी गाडले गेले. त्यांच्यावर थर चढत गेले, काही किलोमीटर खोलीवर उष्णता वाढली आणि त्या अवशेषांचे तेल व वायू झाले. दुसरी, साठ्याचा खडक. त्यात छिद्रे हवीत आणि ती एकमेकांना जोडलेलीही हवीत, नाहीतर तेल आत असूनही बाहेर येणार नाही. तिसरी, सापळा. तेल पाण्याहून हलके असल्याने ओल्या खडकातून वर सरकत राहते. वाटेत खडकाचा घुमटाकार उंचवटा लागला तर ते त्याच्या माथ्याखाली अडकते. चौथी, टोपीचा खडक. त्या घुमटावर चिकणमातीच्या दाट खडकाचा, म्हणजे शेलचा, थर हवा. तो नसेल तर तेल आणखी वर निघून जाते.

मुंबई हायमध्ये या चारही गोष्टी जुळून आल्या. तळाशी प्राचीन ग्रॅनाइटजातीचे खडक आहेत आणि जागोजाग दख्खनचा बेसाल्टही, म्हणजे सह्याद्रीचाच काळा कातळ. त्याच्या उंचवट्यावर गाळाचे थर साचत गेले. सुमारे १३०० ते १४०० मीटर खोलीवरच्या सच्छिद्र चुनखडीत मुख्य साठा आहे आणि तिच्यावर शेलचे आवरण आहे. या भागातल्या थरांना भूगर्भशास्त्रज्ञांनी रत्नागिरी, अलिबाग, माहीम, वांद्रे, वसई अशी किनाऱ्यावरच्या गावांची नावे दिली आहेत.

आता थोडे गणित करू. समजा, एखाद्या जागी या चारपैकी प्रत्येक गोष्ट असण्याची शक्यता ७० टक्के आहे. सुटी पाहिली तर प्रत्येक शक्यता चांगलीच वाटते. पण चारही एकाच जागी हव्यात, म्हणून त्यांचा गुणाकार करावा लागतो. ०.७ चार वेळा गुणला की उत्तर येते ०.२४. म्हणजे अशा शंभर जागी विहिरी खोदल्या तर जेमतेम चोवीस ठिकाणी तेल मिळेल. कुशल माणसे आणि उत्तम यंत्रे असूनही नव्या क्षेत्रातल्या बहुतेक विहिरी कोरड्या का निघतात, ते या गुणाकारात दिसते.

खोदण्याआधी ऐकणे

विहीर महाग असते, म्हणून आधी आवाजाच्या मदतीने नकाशा काढतात. याला भूकंपीय सर्वेक्षण म्हणतात. सर्वेक्षण जहाज आपल्यामागे एअरगन ओढत नेते. ती ठरावीक अंतराने दाबलेल्या हवेचा स्फोट पाण्यात सोडते. आवाज पाण्यातून तळाकडे जातो, तळ ओलांडून खडकात शिरतो आणि खडकाचा प्रकार बदलेल त्या प्रत्येक सीमेवरून त्याचा काही भाग परत फिरतो. जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलवर बसवलेले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, हे प्रतिध्वनी टिपतात.

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. पाणी ७५ मीटर खोल असेल तर तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो. दीड किलोमीटर खोलीवरच्या थराचा प्रतिध्वनी यायला एक ते दीड सेकंद लागतो. असे लाखो प्रतिध्वनी संगणकात जुळवले की खालच्या थरांचा चढ-उतार दिसू लागतो. कुठे घुमट आहे, कुठे थर तुटून खाली घसरला आहे, हे त्यावरून कळते.

१९६० च्या दशकाच्या मध्यात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि सोव्हिएत तज्ज्ञांनी खंबातच्या आखाताच्या परिसरात असेच सर्वेक्षण केले, आणि त्यात मुंबईसमोरचा हा प्रचंड उंचवटा प्रथम नजरेस आला. त्या काळी संगणकाची मदत नगण्य होती. तरीही रचना इतकी मोठी होती, सुमारे १२०० चौरस किलोमीटरची, की ती लपून राहिली नाही.

प्रतिध्वनीची एक मर्यादा मात्र आहे. त्यातून खडकाचा आकार कळतो, आतला माल खात्रीने कळत नाही. छिद्रांत वायू असेल तर काही वेळा प्रतिध्वनीची रेष ठळक उमटते, पण अगदी थोडा वायूही तितकीच ठळक रेष उमटवू शकतो. म्हणून शेवटी विहीर खोदावीच लागते. सर्वेक्षणाची झळ मच्छीमारांनाही बसते. जहाजामागची केबल वाचवण्यासाठी त्या पट्ट्यात जाळी टाकू देत नाहीत. पालघर-डहाणूच्या मच्छीमारांनी याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे. देशाच्या तेलासाठी काहींची रोजची मिळकत थांबत असेल, तर तिची भरपाई हा शोधखर्चाचाच भाग मानला पाहिजे.

पाण्यावर उभे कसे राहायचे?

कोणती रिग वापरायची ते पाण्याच्या खोलीवर ठरते. मुंबई हायवर पाणी ७० ते ८० मीटर खोल आहे. अशा ठिकाणी ‘जॅक-अप’ रिग चालते. ती पाय वर घेऊन तरंगत येते, जागेवर पोचली की पाय तळावर टेकवते आणि त्यांच्या आधाराने आपले धड लाटांच्या वर उचलून घेते. ‘सागर सम्राट’ याच जातीची.

पाणी १०० ते १५० मीटरपेक्षा खोल असले की पाय पुरत नाहीत. मग अर्धी पाण्याखाली राहून तरंगणारी रिग किंवा ड्रिलशिप, म्हणजे मधोमध खोदकामाचा मनोरा असलेले जहाज, वापरतात. उपग्रहांकडून आपली जागा सतत तपासत आणि चहूबाजूंच्या पंख्यांनी स्वतःला सरकवत हे जहाज वारा आणि प्रवाह असतानाही विहिरीच्या डोक्यावर स्थिर राहते. २०१३ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने भारताच्या पूर्व किनाऱ्यासमोर ३१६५ मीटर खोल पाण्यात विहीर खोदली. इतक्या खोल पाण्यातली ती त्या वेळी जगातली पहिलीच विहीर होती. समुद्राचा तळच तीन किलोमीटर खाली, आणि खोदकाम त्याच्याही खाली!

चिखलाचे महत्त्व

विहिरीच्या टोकाला दाते असलेले बिट फिरते आणि खडकाचा चुरा करते. बिट पोकळ पाइपांच्या माळेला जोडलेले असते. या पाइपांतून खास बनवलेला चिखल, ज्याला कामगार ‘मड’ म्हणतात, दाबाने खाली सोडतात. तो बिटातून बाहेर पडतो, बिट थंड ठेवतो आणि खडकाचा चुरा घेऊन पाइपाच्या बाहेरच्या पोकळीतून वर येतो.

त्याचे सर्वांत मोठे काम आहे दाब पेलण्याचे. खोल खडकातले पाणी, तेल, वायू दाबाखाली असतात. विहिरीने त्यांना वाट मिळताच ते उसळून वर येऊ पाहतात. विहिरीत भरलेल्या मडचे वजन त्यांना दाबून धरते. म्हणून मडमध्ये बॅराइट या जड खनिजाची पूड मिसळून त्याचे वजन नेमके ठेवावे लागते. मड हलका पडला तर वायू आत शिरतो. जड झाला तर खडकाला तडे जातात आणि मड तिकडेच झिरपून जातो. खोलीबरोबर हे गणित बदलते, म्हणून विहीर टप्प्याटप्प्याने खोदतात. प्रत्येक टप्प्यानंतर पोलादी नळ, म्हणजे केसिंग, बसवून त्यामागे सिमेंट भरतात आणि पुढचा टप्पा थोड्या अरुंद बिटाने खोदतात.

सगळे उपाय फसले तर शेवटचा पहारा ब्लोआउट प्रिव्हेंटरचा. विहिरीच्या तोंडावर बसवलेला हा झडपांचा प्रचंड संच गरज पडल्यास पाइप कापूनही विहीर बंद करू शकतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर हा शेवटचा पहाराही अपुरा पडला. तिथे सुमारे १५०० मीटर खोल पाण्यात अन्वेषण विहीर खोदली जात होती. तळाच्या सिमेंटने वायू अडवला नाही, दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि प्रिव्हेंटरला विहीर बंद करता आली नाही. ११ कामगारांचा मृत्यू झाला आणि समुद्रात वाहणारे तेल थांबवायला ८७ दिवस लागले. मुंबई हायवरही १९८२ मध्ये ‘सागर विकास’ रिगवर विहिरीचा उद्रेक होऊन आग लागली होती. या कामात सुरक्षेचा प्रत्येक नियम अशा एखाद्या दुर्घटनेतून शिकून लिहिला गेला आहे. वेळ वाचवण्यासाठी तो वगळणाऱ्याला क्षमा नसावी.

तेल लागले हे कळते कसे?

तेलाचे कारंजे उडाले की तेल लागले, हे दृश्य चित्रपटात ठीक आहे. चांगल्या विहिरीत कारंजे कधीच उडत नाही, कारण मड त्याला वर येऊ देत नाही. तेलाची चाहूल शांतपणे, एकामागून एक पुराव्यांतून लागते.

पहिला पुरावा मडबरोबर वर येणारा चुरा. रिगवरचे भूगर्भशास्त्रज्ञ तो धुऊन अतिनील प्रकाशाखाली पाहतात. तेलाचा अंश असेल तर तो चमकतो. मडमध्ये विरघळून आलेला वायूही यंत्राने सतत मोजला जातो.

दुसरा पुरावा लॉगिंगचा. विहिरीत मोजमापाची उपकरणे सोडून खडकाचे गुणधर्म मीटरागणिक नोंदवतात. यातले मूळ तत्त्व सोपे आहे. खडकातले खारे पाणी वीज वाहून नेते, तेल आणि वायू नेत नाहीत. सच्छिद्र खडकात विजेला होणारा विरोध एकदम वाढला, तर तिथे तेल किंवा वायू असण्याचा संभव असतो. फ्रान्समधल्या श्लुंबर्जे बंधूंच्या कंपनीने १९२७ मध्ये विहिरीत असे विद्युत मोजमाप पहिल्यांदा केले. केवळ विरोध वाढणे मात्र पुरेसे नाही, कारण छिद्रे नसलेला घट्ट खडकही विजेला विरोध करतो. म्हणून छिद्रांचे प्रमाण दुसऱ्या उपकरणाने मोजून दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

तिसरा पुरावा कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल कापून वर आणणे. त्यावरून छिद्रे किती आणि ती एकमेकांना जोडलेली आहेत का, हे प्रयोगशाळेत पाहता येते.

सर्वांत मोलाचा पुरावा चौथा, प्रवाह चाचणी. तेलाचा वाटणारा थर इतर थरांपासून वेगळा करून विहिरीतला दाब मुद्दाम कमी करतात आणि खडकातून काय, किती वेगाने आणि किती वेळ वाहते ते मोजतात. वायू रिगच्या बाजूला जाळला जातो. मग विहीर बंद करून दाब पुन्हा किती वेगाने चढतो ते पाहतात. दाब पूर्ववत झाला नाही, तर साठा लहान असल्याची शंका येते. तेल खडकात दिसणे वेगळे आणि ते विहिरीत वाहून येणे वेगळे. कंपनीच्या निवेदनात आकडे असतील, तर त्यांतला सर्वांत महत्त्वाचा या चाचणीचाच.

कोरडी विहीर काय सांगते?

१९८३ मध्ये अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रात खडीचे कृत्रिम बेट उभारून ‘मुकलुक’ नावाची विहीर खोदली गेली. सापळा प्रचंड होता. प्रुडो बे हे प्रचंड तेलक्षेत्र जवळच होते. हक्क मिळवण्यापासून खोदण्यापर्यंत शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. विहिरीत सापडला तेलाचे डाग असलेला खडक, आणि त्यात खारे पाणी. तेल एके काळी तिथे होते, पण आपण पोचण्याच्या कितीतरी आधीच ते निसटून गेले होते.

हा जगातल्या सर्वांत महागड्या अपयशांपैकी एक. तरीही त्या विहिरीने प्रश्नाचे उत्तर दिलेच. जननखडक होता, साठ्याचा खडक होता, सापळाही होता. त्याने तेल शेवटपर्यंत धरून मात्र ठेवले नाही. चारपैकी कोणती गोष्ट हुकली हे कळले की पुढची विहीर कुठे खोदायची आणि कुठे खोदायची नाही, ते ठरवता येते. सरकारी कंपनीची विहीर कोरडी निघाली की ‘जनतेचा पैसा पाण्यात गेला’ अशी टीका होते. विहिरीचा अभ्यास न करता तिची माहिती फायलीत पडून राहिली, तर ती टीका योग्य ठरेल. माहिती पुढच्या नकाशात उतरत असेल, तर तो खर्च ज्ञानासाठी झालेला असतो.

‘सापडले’ आणि ‘मिळाले’ यांतले अंतर

पहिल्या विहिरीत तेल लागले की ठरते एवढेच की या ठिकाणी तेल आहे. ते किती दूरवर पसरले आहे हे पाहायला आजूबाजूला मूल्यमापन विहिरी खोदतात. मग साठ्याचा अंदाज, विकासाचा आराखडा, तेल काढण्यासाठी समुद्रात उभारायचे फलाट, पाइपलाइन. मुंबई हायमध्ये हे सारे विलक्षण वेगाने झाले. ऑक्टोबर १९७३ नंतर जगात तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळपास चौपट झाल्या होत्या आणि देशाला घाई होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये शोध लागला, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. सुरुवातीला टँकरने येणारे तेल १९७८ पासून पाइपलाइनने उरणला येऊ लागले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून बरेच अधिक तेल देशातच निघत होते.

हा अनुभव अपवादात्मक होता. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसीच्या खोल पाण्यातल्या ९८/२ या क्षेत्रातून पहिले तेल निघाले ते जानेवारी २०२४ मध्ये, तिथले सुरुवातीचे शोध लागल्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. त्याच खोऱ्यात रिलायन्सला २००२ मध्ये वायू सापडला आणि एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. पण काही वर्षांतच दाब घटला, विहिरींत पाणी व वाळू शिरू लागली आणि साठ्याचा अंदाज बराच खाली आणावा लागला. विहिरी सांगतात त्या ठिकठिकाणच्या खडकाबद्दल. दोन विहिरींमधल्या खडकाबद्दल तज्ज्ञांना अनुमानच करावे लागते.

अगदी अलीकडचे उदाहरण अंदमानचे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘श्री विजयपुरम-२’ या ऑइल इंडियाच्या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचे जाहीर झाले. जागा किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, पाणी २९५ मीटर खोल, विहिरीचे लक्ष्य २६५० मीटर. २२१२ ते २२५० मीटरच्या पट्ट्यातल्या सुरुवातीच्या चाचणीत वायू आला आणि ज्वाला मधूनमधून पेटली. काकीनाड्याला तपासलेल्या नमुन्यात ८७ टक्के मिथेन निघाले. या भागात वायू तयार झाला, हे यातून दिसले. चारपैकी पहिल्या अटीचा हा मोठा पुरावा आहे. साठा किती आणि तो परवडेल का, हे ठरवणे पुढच्या विहिरींचे काम आहे.

थोडक्यात

• तेल खडकाच्या छिद्रांत असते. जननखडक, साठ्याचा खडक, सापळा आणि टोपीचा खडक या चारही गोष्टी एकत्र हव्यात.
• भूकंपीय सर्वेक्षणातून खडकाचा आकार कळतो. तेलाची खात्री विहीर खोदल्यावरच होते.
• मडचे वजन, केसिंग व सिमेंट आणि ब्लोआउट प्रिव्हेंटर हे सुरक्षेचे तीन पहारे.
• चुरा, लॉगिंग, कोअर आणि प्रवाह चाचणी हा पुराव्यांचा चढता क्रम.
• खडकातले सगळे तेल काढता येत नाही. जगभरात सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच हाती येते.

बातमी वाचताना

भारत आज आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. म्हणून समुद्रातला शोध चालू राहणे आवश्यक आहे, आणि त्याचे निकाल नागरिकांना नीट वाचता येणेही तितकेच आवश्यक आहे. यापुढे ‘समुद्रात प्रचंड साठा सापडला’ अशी बातमी आली तर चार प्रश्न विचारा. प्रवाह चाचणी झाली आहे का? किती विहिरींवरून हा अंदाज बांधला आहे? सांगितलेला आकडा खडकातल्या एकूण तेलाचा आहे की काढता येण्याजोग्या तेलाचा? उत्पादन कोणत्या वर्षी सुरू होणार? उत्तरे मिळाली तर खुशाल आनंद माना. नाही मिळाली, तर पुढच्या विहिरीचा निकाल येईपर्यंत थांबा.